सुपरकपॅसिटरची ऑक्साइड फिल्म ढासळते : दोष कुठे शोधायचा

"मॅडम, परत तेच झालं." हे वाक्य मला वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतं. एकदा एप्रिल-मे महिन्यात, एमएस्सीचे प्रकल्प जमा करायची घाई असते तेव्हा. दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, पीएचडीची मुलं नवी बॅच करायला बसतात तेव्हा. तक्रार ठरलेली : सुपरकपॅसिटरसाठी (झटपट प्रभार साठवून झटपट परत देणाऱ्या उपकरणासाठी) स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर मँगनीज डायऑक्साइडची फिल्म, म्हणजे पातळ थर, छान बसली होती, सीव्ही (व्होल्टेज वर-खाली फिरवून घेतलेला प्रवाहाचा आलेख) चौकोनी येत होती, आणि आता धारिता, म्हणजे प्रभार साठवायची क्षमता, निम्म्यावर आली. मग जो तो पदार्थाला दोष देतो. कुणी डोपिंग करायला, म्हणजे दुसरं मूलद्रव्य किंचित मिसळायला, निघतं, कुणी ग्राफीन मिसळायला, कुणी मँगनीज सोडून थेट कोबाल्टकडे वळतं. दोन महिने जातात आणि नव्या पदार्थाची फिल्मही तशीच ढासळते.

आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत या तक्रारींची मी एक वही ठेवली आहे. फिल्म कुणी केली, कधी केली, बाथचं, म्हणजे ज्या द्रावणात फिल्म बसते त्याचं, तापमान किती होतं, पाणी कुठलं वापरलं, आणि त्या दिवशीची आर्द्रता. आर्द्रतेचा आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा उतरवून घ्यायचा. सुरुवातीला मुलांना हा मॅडमचा हट्ट वाटायचा. पण काही वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसलं की उन्हाळ्यातली तक्रार आणि पावसाळ्यातली तक्रार या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. उन्हाळ्यात एकच फिल्म सायकलिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज, करता करता खरोखर ढासळत होती. पावसाळ्यात मात्र हजार सायकलींनंतरही धारिता बऱ्यापैकी टिकत होती. ती "पडली" असं म्हटलं जात होतं ते मार्चमधल्या फिल्मशी तुलना करून. म्हणजे फिल्म धडधाकट होती, वजन चुकलेलं होतं. शिवाय एक तिसरं कारण बाराही महिने हजर होतं : पट्टी नीट साफ झालेली नव्हती. पदार्थच कमी पडला असं प्रकरण फार थोड्या वेळा निघालं.

म्हणून रेसिपी बदलण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. मी उदाहरण मँगनीज डायऑक्साइडचं घेतलं आहे, कारण तो स्वस्त आहे, सोडियम सल्फेटसारख्या उदासीन द्रावणात चालतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा सुरुवात त्याच्यापासूनच करतात. निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचं काही वेगळं आहे, ते शेवटी.

आधी बीकर आणि क्लिप

सायकलिंग थांबलं की पोटेन्शिओस्टॅटच्या, म्हणजे व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे न बघता बीकरच्या तळाकडे बघा. मागे पांढरा कागद धरा. तळाशी काळपट-तपकिरी कण दिसले तर फिल्म यांत्रिकपणे सुटते आहे, पोपडे निघताहेत. कण नाहीत पण द्रावणालाच फिकट तपकिरी छटा आली असेल तर मँगनीज विरघळून पुन्हा अवक्षेपित होत असण्याची शक्यता जास्त. त्याचं कारण बहुधा व्होल्टेजच्या मर्यादेत सापडतं. बीकर स्वच्छ आणि फिल्मही जागच्या जागी असेल, तर आधी पट्टीला वायर जोडणारी क्लिप बघा.

क्लिपचं मी जरा विस्ताराने सांगते, कारण यापायी आमच्याकडे एका मुलीचे चांगले बारा दिवस गेले. तिची फिल्म दर वेळी चारशे ते सहाशे सायकलींच्या मध्ये कोसळायची. फिल्म बदलली, द्रावण बदललं, फर्नेसचं तापमान बदललं, फरक शून्य. शेवटी क्लिप काढून बघितली तर तिच्या दातांवर हिरवट थर आणि पट्टीवर मिठासारखी पांढरी पुटं. झालं होतं असं की द्रावण पट्टीच्या पृष्ठभागावरून हळूहळू वर चढत होतं. कोरड्या हवेत वरच्या कडेचं पाणी उडतं, तिथे सोडियम सल्फेटचे स्फटिक साचतात, त्या स्फटिकांमधून द्रावण आणखी वर ओढलं जातं. रात्रभरात ते क्लिपपर्यंत पोचतं. बाजारातल्या क्लिपवरचा मुलामा पातळ असतो, तो गेला की आतला धातू गंजतो आणि संपर्काचा रोध वाढत जातो. आलेखात हे अगदी फिल्म मेल्यासारखं दिसतं.

उपाय साधा आहे. पट्टी लांब घ्या, म्हणजे द्रावण आणि क्लिप यांच्यात निदान दोन-तीन सेंटिमीटर कोरडी जागा राहील. एक चौरस सेंटिमीटरची खिडकी सोडून बाकीची ओली होणारी पट्टी, मागची बाजू धरून, इपॉक्सीने झाका. नेलपॉलिश एका दिवसाच्या चाचणीला चालतं, लांब सायकलिंगला ते सुटतं. क्लिपचे दात प्रत्येक चाचणीआधी पॉलिश पेपरने घासा. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, डझनाने क्लिपा मिळतात, जुन्या टाकून द्यायला संकोच करू नका. आणि धारिता पडलेली दिसली की सर्वांत आधी क्लिप नव्या ठिकाणी लावून तीच सीव्ही पुन्हा घ्या. धारिता परत आली तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

इम्पिडन्सला विचारा

तुमच्याकडे ईआयएस (वेगवेगळ्या वारंवारतांना इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोजायची सोय) असेल तर सायकलिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच व्होल्टेजला, मोजमाप घ्या. नुसतं "नंतर" घेतलेलं मोजमाप फारसं उपयोगाचं नसतं, तुलना करायला काहीच नसतं.

नायक्विस्ट आलेखात, म्हणजे या मोजमापाच्या नेहमीच्या आलेखात, उच्च वारंवारतेकडे रेषा अक्षाला जिथे छेदते तो बिंदू उजवीकडे सरकला असेल, तर रोध फिल्मच्या बाहेर वाढला आहे : क्लिप, वायर, द्रावण, किंवा रेफरन्स इलेक्ट्रोडचं (ज्याच्या मानाने व्होल्टेज मोजतो त्या इलेक्ट्रोडचं) अंतर. तो बिंदू तिथेच असून अर्धवर्तुळ मोठं झालं असेल तर पट्टी आणि फिल्म यांच्या सीमेवर काहीतरी बिघडलं आहे. फिल्म खालून सैल झाली, किंवा पट्टीवर तिचाच ऑक्साइड चढला. दोन्ही जसेच्या तसे, आणि तरीही धारिता कमी, तर मात्र पदार्थच उरलेला नाही. तो सुटला किंवा विरघळला. मुलं मंडल जुळवण्यात, म्हणजे ते लांबलचक समतुल्य सर्किट बसवण्यात, दिवस घालवतात. निदानासाठी त्याची गरज नाही. दोन आलेख एकावर एक ठेवून डोळ्यांनी बघितलं तरी एवढं कळतं.

पट्टी : बारमाही कारण

आता मुख्य मुद्द्यावर येते. फिल्म सुटते तेव्हा दोष आपल्याला हजाराव्या सायकलीला दिसतो, पण तो घडलेला असतो पट्टी धुतली त्या दिवशी.

आपण स्टेनलेस स्टीलचा पत्रा बोहरी आळीतून आणतो किंवा भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून पट्ट्या कापून घेतो. त्यात वाईट काही नाही. पण तो पत्रा किचन ट्रॉली आणि दरवाजांसाठी बनलेला असतो. त्यावर लाटतानाचं तेल असतं, आणि ओरखडे पडू नयेत म्हणून एक निळा किंवा पांढरा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कागद सोलला तरी त्याचा डिंक पट्टीवर राहतो, डोळ्यांना दिसत नाही, साबणाने जात नाही. आमच्याकडे एकदा फिल्मचे पोपडे एका सरळ रेषेत निघत होते. भिंगातून बघितलं तर रेषेच्या एका बाजूला फिल्म घट्ट, दुसऱ्या बाजूला पूर्ण सैल. निसर्ग इतक्या सरळ रेषा ओढत नाही. ती प्लास्टिकच्या कागदाची कड होती.

मी सांगते ती पद्धत अशी. आधी साबणाने धुवा. मग चारशे आणि नंतर सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने दोन आडव्या-उभ्या दिशांनी घासा. आरशासारखी चकाकी नको, एकसारखा मंद पृष्ठभाग हवा. गुळगुळीत पट्टीवर थराला धरायला जागाच नसते. मग अ‍ॅसिटोनमध्ये दहा मिनिटं सॉनिकेटर, म्हणजे ध्वनिकंपनांनी धुणारं यंत्र. इथे एक चूक सगळेच करतात : तेच अ‍ॅसिटोन दहा पट्ट्यांना वापरतात. पहिल्या पट्टीचं तेल दहाव्या पट्टीवर बसतं. अ‍ॅसिटोन थोडं घ्या पण नवीन घ्या, आणि ते पट्टीवरच वाळू देऊ नका. लगेच इथेनॉलने आणि मग डीआय, म्हणजे आयन काढलेल्या, पाण्याने धुवा, पुन्हा दहा मिनिटं पाण्यात सॉनिकेटर.

यानंतरची चाचणी फुकट आहे आणि तरीही कुणी करत नाही. पट्टी पाण्यात बुडवून उभी धरा. पाण्याचा पडदा सगळ्या पट्टीवर एकसंध राहिला, अर्धा मिनिट तुटला नाही, तर पट्टी साफ. पडदा फाटून थेंब गोळा झाले तर जिथे थेंब झाले तिथे तेल किंवा डिंक आहे. परत घासा. पडदा टिकला की पट्टी वाळवत न बसता ओलीच बाथमध्ये सोडा. रात्री साफ करून सकाळी वापरलेल्या पट्ट्या आमच्याकडे सर्वांत जास्त दगा देतात, कारण हवेतली सेंद्रिय वाफ रात्रभरात पृष्ठभागावर बसते.

पत्रा खरंच ३०४ ग्रेडचा आहे का हेही बघा. २०२ ग्रेड स्वस्त असतो, दिसायला तसाच असतो, आणि चुंबकाने दोघांमधला फरक कळत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, गंजरोधही कमी. स्टीलचे व्यापारी रसायनाचा थेंब टाकून छोट्या बॅटरीने ग्रेड ओळखतात. पत्रा घेतानाच त्यांना तसं करून दाखवायला सांगा. खात्री हवी असेल तर एक तुकडा एक्सआरएफला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या चाचणीला) द्या. मँगनीजच्या फिल्मचा अभ्यास करताना पट्टीतलंच मँगनीज हिशेबात आलेलं परवडत नाही.

पाण्याबद्दल थोडंसं. उन्हाळ्यात बऱ्याच इमारतींत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, ते जड असतं, आणि ऊर्ध्वपातनाचं भांडं क्षार धरतं. पाण्याची वाहकता रोज मोजा. मीटर नसेल तर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. पांढुरकं झालं तर त्यात क्लोराइड आहे. क्लोराइड स्टीलला टोचून खड्डे पाडतो आणि फिल्म त्या खड्ड्यांभोवतीच सुटायला लागते. १९९९ मध्ये ली आणि गुडइनफ यांनी मँगनीज डायऑक्साइडची सुपरकपॅसिटरसारखी वर्तणूक दाखवली ती पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. हेच गुडइनफ लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ च्या नोबेलचे मानकरी. त्यामुळे काही मुलं विश्वासाने क्लोराइडचं द्रावण घेतात. स्टीलच्या पट्टीवर फिल्म असेल तर घेऊ नका, सोडियम सल्फेट घ्या.

उन्हाळा : भेगा

मे महिन्यात खडकवासल्याच्या काठचा गाळ बघितला असेल. पाणी आटलं की तो आकसतो, भेगा पडतात, आणि प्रत्येक ढेकळाच्या कडा वर वळतात. एप्रिलमध्ये केलेली फिल्म भिंगाखाली तंतोतंत तशी दिसते. ओल्या फिल्ममध्ये भरपूर पाणी असतं. हवा कोरडी ठणठणीत असताना ते झपाट्याने उडतं, थर आकसू बघतो, पण खालची पट्टी त्याला आकसू देत नाही. थर ताणला जातो आणि फाटतो. थर जितका जाड, तितका फाटण्याचा धोका जास्त.

आणि उन्हाळ्यात तो नकळत जाड होतो. "खोलीच्या तापमानाला चाळीस मिनिटं" असं वहीत लिहिलेलं असतं. जुलैमध्ये आपली खोली पंचवीस अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी पस्तिशी ओलांडते. सीबीडीच्या (द्रावणातून रासायनिक अभिक्रियेने थर बसवायच्या पद्धतीच्या) बाथमध्ये दहा अंशांनी अभिक्रियेचा वेग चांगलाच वाढतो. त्याच चाळीस मिनिटांत जास्त पदार्थ बसतो, त्यातला बराचसा सैल. म्हणून बाथ नेहमी तापमान स्थिर ठेवणाऱ्या वॉटर बाथमध्ये ठेवा आणि तापमान लिहा. द्रावण गढूळ व्हायला लागलं की पट्टी बाहेर काढा. त्यानंतर जे बसतं ते पट्टीवर वाढलेलं नसतं, द्रावणात तयार होऊन वरून साचलेलं असतं. पट्टी उभी टांगा, आडवी ठेवाल तर सगळा गाळ तिच्यावर बसेल. सायलरमध्ये (पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवायच्या पद्धतीत) सैल कण काढायचं काम मधल्या धुण्याचं असतं. ते दहा सेकंदांत उरकलं तर सैल कण राहतात.

विद्युत निक्षेपण करत, म्हणजे विजेने थर बसवत, असाल तर घड्याळ बाजूला ठेवा आणि कूलोंब (प्रभाराचं एकक) मोजा. मँगनीजचे दोन धन प्रभारांचे आयन डायऑक्साइड होताना दोन इलेक्ट्रॉन देतात, म्हणून एका कूलोंबमागे जास्तीत जास्त ०.४५ मिलिग्रॅम पदार्थ बसतो. मी दर चौरस सेंटिमीटरला ०.४ कूलोंबच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे साधारण ०.१८ मिलिग्रॅम. त्याहून जाड फिल्म हवीच असेल तर दोन टप्प्यांत करा, मध्ये धुऊन आणि सावकाश वाळवून.

वाळवणं म्हणजे काय, तर बाथमधून काढल्यावर पट्टी नीट धुवायची, पेट्री डिशमध्ये ठेवून झाकण किंचित उघडं ठेवायचं, शेजारी ओल्या टिपकागदाचा तुकडा, आणि रात्रभर तशीच. सकाळी साठ अंशांवर. बाथमधून थेट शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये घातलेली फिल्म मी बघायलाही घेत नाही.

भेगांऐवजी पापडावर येतात तसे फोड दिसले तर कारण उलटं आहे. स्टील तापल्यावर ऑक्साइडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ३०४ चा प्रसरणांक अंशामागे दशलक्षांत सुमारे १७ आहे. फर्नेसमधून गरम पट्टी पटकन बाहेर काढली की पट्टी फिल्मपेक्षा जास्त आकसते, फिल्म दाबली जाते आणि जागोजागी वर उचलली जाते. फर्नेस मिनिटाला एक-दोन अंशांनी तापवा, आणि बंद केल्यावर दार न उघडता आत थंड होऊ द्या. संध्याकाळी बस पकडायची घाई असते हे मला माहीत आहे, पण ती पट्टी सकाळी काढा. तापमानही गरजेपुरतंच ठेवा. तीनशे-चारशे अंशांवर स्टीलच पिवळसर, आणि त्याहून वर निळसर व्हायला लागतं. तो पट्टीचा स्वतःचा ऑक्साइड, आणि तो तुमच्या फिल्मखाली रोध म्हणून बसतो. मँगनीज डायऑक्साइडचं पाणी उडवायला दोनशे अंश पुरतात.

घट्टपणा तपासायला साधी चिकटपट्टी वापरा. एका कोपऱ्यावर दाबून चिकटवा, झटक्यात ओढा. निम्मी फिल्म चिकटपट्टीवर आली तर त्या पट्टीवर दोन दिवस पोटेन्शिओस्टॅट अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

पावसाळा : वजन

पाच सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पट्टीचं वजन सुमारे दोन ग्रॅम भरतं. तिच्यावरची फिल्म ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजारांत एक भाग. आपल्या नेहमीच्या चार दशांश स्थानांच्या तराजूचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा. तो एकाने इकडेतिकडे झाला की फॅरड (धारितेचं एकक) प्रति ग्रॅममध्ये दीडपट-दुपटीचा फरक पडतो. बोटाचा ठसासुद्धा या हिशेबात मोजला जातो.

त्यात जुलैची हवा. सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि या पद्धतींनी बनलेलं मँगनीज डायऑक्साइड बहुधा थरांच्या रचनेचं असतं. त्याच्या दोन थरांमध्ये पाणी मुरतं. डेसिकेटरमधून, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातून, पट्टी काढून तराजूवर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. वजन जास्त, म्हणून भागाकार कमी, म्हणून "धारिता पडली". उन्हाळ्यात हेच उलट होतं आणि कुणी तक्रार करत नाही, कारण आकडा मोठा येतो. मला त्या मोठ्या आकड्याचीच जास्त काळजी वाटते. तो प्रबंधात जातो.

डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी ते बघा. आमच्याकडची एकदा महिनाभर गुलाबी होती आणि रोज सहा जण डेसिकेटर उघडत होते. गुलाबी झाली की एकशे वीस अंशांवर काही तास तापवून परत निळी करा. फिल्म असलेल्या पट्टीबरोबर एक कोरी पट्टी सगळीकडे फिरवा : त्याच बाथच्या शेजारच्या पाण्यात, त्याच ओव्हनमध्ये, त्याच तराजूवर. कोऱ्या पट्टीचं वजन जितकं बदललं तितकं वजा करा. बाहेर काढल्यापासून वजन घेईपर्यंतचा वेळ सारखा ठेवा. आणि विद्युत निक्षेपणाची फिल्म असेल तर कूलोंबचा हिशेब शेजारी लिहा. तराजू त्याच्या दुप्पट दाखवत असेल तर जास्तीचं वजन पाणी किंवा न धुतलेल्या क्षारांचं आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे चाचणी संपल्यावर फिल्म विरघळवणं. अगदी सौम्य सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब टाकून पट्टी बुडवली की बुडबुडे येतात आणि मिनिटाभरात फिल्म नाहीशी होते. चष्मा घाला, भांड्याला झाकण लावू नका, वायू जोरात सुटतो. कोरी पट्टीही तितकाच वेळ बुडवा. मग ते द्रावण मँगनीज मोजायला एएएस यंत्रावर द्या, किंवा धुऊन-वाळवून पट्टीचं वजन पुन्हा घ्या. आणि एवढं सगळं करूनही ०.२ मिलिग्रॅमच्या फिल्मसाठी मी मुलांना आधी मिलिफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर लिहायला लावते. क्षेत्रफळ फूटपट्टीने मोजता येतं, ते पावसाने बदलत नाही. २०११ मध्ये गोगोत्सी आणि सिमोन यांनी हेच बजावलं होतं की अत्यंत पातळ फिल्मचे ग्रॅममागचे आकडे खऱ्या उपकरणाबद्दल फारसं सांगत नाहीत.

खिडकी आणि रेफरन्स

सोडियम सल्फेटमध्ये शून्य ते ०.८ व्होल्ट ही खिडकी, म्हणजे व्होल्टेजची मर्यादा, चांदी-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या मानाने बहुतेक फिल्मना मानवते. शोधनिबंधात १ व्होल्टची खिडकी बघून थेट तिथे जाऊ नका. ०.१ ते ०.७ पासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास मिलिव्होल्ट उघडत जा. वरच्या टोकाला शेपटी निघाली की ऑक्सिजन सुटतो आहे. ते बुडबुडे छिद्रांच्या आत तयार होतात आणि थर उचलतात. खालच्या टोकाला फार उतरलात तर मँगनीजची अवस्था खाली येते, त्यातलं काही विरघळणारं दोन धन प्रभारांचं मँगनीज होतं, आणि सुरुवातीला सांगितलेली ती तपकिरी छटा दिसते.

पण ही सगळी टोकं रेफरन्सच्या भरवशावर. प्रयोगशाळेत एक चांगला रेफरन्स कुणालाही न देता संतृप्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये जपून ठेवा. दर सोमवारी वापरातला रेफरन्स त्याच्या शेजारी त्याच द्रावणात बुडवून मल्टिमीटर लावा. एकाच जातीच्या दोघांत चार-पाच मिलिव्होल्टच्या वर फरक नको. एक कॅलोमेल (पाऱ्याच्या क्लोराइडचा) आणि एक सिल्व्हर क्लोराइड असेल तर सुमारे ४५ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. आमच्याकडे एकदा ८० चा फरक निघाला. त्या महिन्यातली सगळी सायकलिंग आम्ही नकळत ०.८८ व्होल्टपर्यंत केली होती. सगळी पुन्हा केली.

निकेल आणि कोबाल्ट

इथे द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं असतं, आणि सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स त्यात काही दिवसांतच बिघडतो. मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या.

निकेल फोमवर, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर, फिल्म करत असाल तर कोरा फोम तेवढ्याच तापमानाला तापवून, तेवढ्याच द्रावणात, तेवढ्याच खिडकीत आधी चालवा. फोमच्या स्वतःच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते प्रभार साठवतं. पातळ फिल्ममध्ये निम्मा प्रभार फोमचा असू शकतो. सायकलिंगमध्ये धारिता वाढत वाढत जाते आणि मुलं आनंदाने "सक्रियण" लिहितात. पहिल्या काहीशे सायकलींत फिल्म भिजत जाते, थोडी वाढ खरीच असते. पण ती हजारो सायकली थांबत नसेल तर फोमच गंजून कामाला लागला आहे.

आणि सीव्हीमध्ये दोन स्पष्ट, दूर सरकलेली शिखरं असतील, जीसीडी (ठरावीक प्रवाहाने चार्ज-डिस्चार्ज करतानाचा आलेख) सरळ रेषेऐवजी पायरीसारखी असेल, तर तो पदार्थ बॅटरीसारखा वागतो आहे. त्याला फॅरड लावू नका, कूलोंब प्रति ग्रॅम लिहा. यात कमीपणा काही नाही, आणि हिशेब तपासायलाही ते सोपं. निकेल ऑक्साइडमधल्या निकेलच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिला तर ९६,४८५ ला ७४.७ ने भागून ग्रॅममागे १,२९२ कूलोंब ही कमाल मर्यादा येते. तुमचा आकडा त्याच्या वर गेला असेल तर तराजूकडे किंवा फोमकडे परत जा.

रात्रीची रन लावण्यापूर्वी

०.९ व्होल्टची खिडकी आणि सेकंदाला शंभर मिलिव्होल्ट वेग धरला तर एक सायकल अठरा सेकंदांची, पाच हजार सायकली पंचवीस तासांच्या. एवढ्या वेळात उघड्या बीकरमधलं पाणी उडतं, पातळी खाली येते, फिल्मची वरची कड उघडी पडते आणि धारिता अगदी नेमाने, सायकलीगणिक थोडी थोडी उतरते. हा उतार इतका सुबक असतो की त्याच्यावर सहज विश्वास बसतो. बीकरला भोकं पाडलेलं झाकण लावा, कडेला पॅराफिल्म गुंडाळा, आणि सुरुवातीच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. सकाळी रेघेच्या खाली पाणी गेलं असेल तर डीआय पाणी घालून रेघेपर्यंत आणा. सोडियम सल्फेटचं द्रावण घालू नका, उडालेलं फक्त पाणी आहे. रेफरन्समधून पंचवीस तास क्लोराइड झिरपत असतो, म्हणून लांब रनला दुहेरी जंक्शनचा रेफरन्स वापरा. पोटेन्शिओस्टॅट आणि संगणक दोन्ही यूपीएसवर हवेत. वळवाच्या संध्याकाळी वीज जातेच, आणि मधेच सेल तुटून पुन्हा सुरू झाली तर त्या पट्टीची आकडेवारी तिथे कापून दोन भागांत लिहा.